वित्त क्षेत्रात नोकरी बदलताना रेझ्युमेवर पदवीचे गुण लिहावेत का?

पदवीनंतर दोन-अडीच वर्षे एखाद्या ऑडिट फर्ममध्ये, बँकेच्या शाखेत किंवा पुण्या-मुंबईतल्या फंड अकाउंटिंगच्या (गुंतवणूक फंडांचे हिशेब ठेवण्याच्या) कामात काढल्यावर दुसरी नोकरी शोधायला निघालेला उमेदवार बहुधा आपली जुनीच फाइल उघडतो. ती फाइल कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी महाविद्यालयाने दिलेल्या साच्यात तयार केलेली असते आणि तिच्यात नाव-पत्त्याखाली लगेच एक तक्ता असतो: दहावी, बारावी, पदवी, मंडळ किंवा विद्यापीठ, वर्ष आणि टक्केवारी. मधल्या काळात मिळवलेला अनुभव या तक्त्याखाली दोन ओळींत कसाबसा बसवला जातो आणि मग प्रश्न पडतो, की ही टक्केवारी ठेवावी की काढावी. गुण चांगले असतील तर ते काढताना जीव तुटतो आणि बेताचे असतील तर ते ठेवताना धाकधूक होते. दोन्ही वेळा निर्णय भावनेच्या भरात होतो.

वित्त विभागातील पदांसाठी मुलाखती घेताना असे शेकडो रेझ्युमे माझ्या हाताखालून गेले आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की पदवीचे गुण हे कामाचा पुरावा हाती येईपर्यंत त्याची जागा राखून ठेवणारा आकडा आहेत. पुरावा जसजसा वाढतो तसतशी या आकड्याने जागा मोकळी करावी. मात्र रेझ्युमेवर तो असो वा नसो, जिथे कोणी विचारेल तिथे तो दशांश चिन्हापुढच्या अंकापर्यंत खराच सांगितला पाहिजे. पुढचे टप्पे या दोन गोष्टी कशा साधायच्या यासंबंधी आहेत.

पहिला टप्पा: आपला अनुभव प्रामाणिकपणे मोजा

कॅम्पसवर भरतीसाठी आलेल्या कंपनीपुढे शेकडो अर्ज असतात आणि त्या सर्व मुलांचा कामाचा अनुभव जवळपास शून्य असतो. अशा वेळी दहावी-बारावी-पदवीत सलग ६० टक्के अशी चाळणी लावणे त्यांना सोयीचे पडते. ही चाळणी न्याय्य आहे असे मी म्हणणार नाही, पण ती का लावली जाते हे समजण्यासारखे आहे. नोकरी बदलताना मात्र तुमचा रेझ्युमे शेवटी ज्याच्या टेबलावर जातो तो त्या विभागाचा व्यवस्थापक असतो आणि त्याला महिनाअखेरचे हिशेब वेळेत बंद करून देणारा माणूस हवा असतो. टीवायबीकॉमला कॉस्टिंगमध्ये किती गुण पडले होते, हा प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाही.

म्हणून आधी पूर्ण वेळ नोकरीचे महिने मोजा. एक वर्षाच्या आत नोकरी बदलत असाल तर पदवीचे गुण ठेवावेत, कारण तुमच्याबद्दल सांगण्यासारखे दुसरे फारसे काही जमलेले नसते आणि गुण नसले तर वाचणारा ते कमीच असतील असे धरून चालतो. एक ते तीन वर्षांच्या टप्प्यात, गुण खरोखर चांगले असतील तर पदवीच्या ओळीत शेवटी एवढा एक आकडा राहू द्यावा. बेताचे असतील तर पदवी, विद्यापीठ आणि वर्ष एवढेच पुरे. तीन वर्षांनंतर, पुढे सांगितलेले अपवाद सोडले तर, गुण काढून टाकावेत. सीएच्या विद्यार्थ्यांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे सक्तीचे प्रशिक्षण, माझ्या हिशेबाने अनुभवातच धरावी, कारण तिथे प्रत्यक्ष ऑडिट, टीडीएस आणि जीएसटीचे काम केलेले असते. उन्हाळ्यातली दोन महिन्यांची इंटर्नशिप धरू नये.

दहावी-बारावीची टक्केवारी पहिली नोकरी लागताच काढावी. पाच वर्षे पतमूल्यांकनाचे काम केलेल्या माणसाच्या रेझ्युमेवर दहावीचे ९१ टक्के दिसले, की पुढच्या पाच वर्षांत अभिमानाने सांगावे असे काही घडलेच नाही की काय, अशी शंका वाचणाऱ्याला येते.

दुसरा टप्पा: जागा कोणती आहे ते पाहा

वित्त क्षेत्र हा एक शब्द असला तरी त्यात निरनिराळ्या चालीरीतींची घरे आहेत. फंड अकाउंटिंग, रीकन्सिलिएशन (नोंदींचा ताळमेळ), केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी), कंपनीचा हिशेब विभाग, जीएसटी आणि टीडीएसचे काम अशा जागांवर तुम्ही काय काय हाताळले आहे यालाच किंमत असते. रोजची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचे मूल्य) काढली आहे का, भारतीय शेअर बाजार टी अधिक एक सेटलमेंटवर (सौद्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात व्यवहार पुरा करण्यावर) आल्यानंतर घटलेल्या वेळेत ताळमेळ बसवला आहे का, वैधानिक ऑडिटरच्या शंकांना उत्तरे दिली आहेत का, हे तिथे विचारतात. या जागांसाठी अनुभव वर्षभराहून अधिक असेल तर गुण काढल्याने काही बिघडत नाही.

इक्विटी रिसर्च, इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि मोठ्या सल्लागार कंपन्यांमधील व्यवहारविषयक (कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर सल्ला देणारे) विभाग या घरांची रीत वेगळी आहे. तिथे जागा मोजक्या आणि अर्ज अतोनात असतात, शिवाय निवडणारी माणसे स्वतः चांगल्या गुणांच्या जोरावर आत आलेली असतात. तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतरही तिथे शैक्षणिक कामगिरी पाहिली जाते. तुम्ही विद्यापीठात क्रमांक मिळवला असेल, सुवर्णपदक मिळवले असेल किंवा सीएच्या गुणवत्ता यादीत आला असाल, तर अशा ठिकाणी ते जरूर लिहा आणि अनुभव सात वर्षांचा झाला तरी काढू नका. क्रमांक हा टक्केवारीपेक्षा लवकर कळतो, कारण तुमच्या वर्षी पेपर सोपा होता की अवघड, हा प्रश्न त्यातून आपोआप निघून जातो.

तिसरे घर नियामक आणि सरकारी वित्तसंस्थांचे. इथे तुमच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी भरतीत सर्वसाधारण प्रवर्गासाठी पदवीला किमान ६० टक्के किंवा पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के अशी अट असते, तर स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. अशा भरतीत रेझ्युमेला नव्हे तर अर्जाला महत्त्व असते आणि टक्केवारी वर ढकलून पूर्णांक करता येत नाही, ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमीच धरले जातात. खासगी नोकरीतून अशा जागांकडे वळणाऱ्यांनी जाहिरातीतील पात्रतेचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचावा आणि मगच शुल्क भरावे.

तिसरा टप्पा: आकडा कोणत्या मापाचा आहे ते ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि त्या बहुतेक वेळा अप्रामाणिकपणातून नव्हे तर घाईतून होतात, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबतो.

श्रेयांक पद्धती आल्यापासून पदवीच्या गुणपत्रिकेवर टक्केवारीऐवजी सीजीपीए किंवा सीजीपीआय (सर्व सत्रांच्या श्रेणीगुणांची सरासरी) छापलेला असतो. मुंबई विद्यापीठात आधी ७ अंकांची श्रेणी होती आणि नंतर १० अंकांची आली, त्यामुळे एकाच महाविद्यालयातल्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मुलांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. नुसते ‘सीजीपीए ५.८’ असे लिहिलेले वाचणाऱ्याला ते १० पैकी वाटले तर मध्यम वाटेल, ७ पैकी आहे असे कळले तर उत्तम वाटेल. म्हणून आकड्यापुढे नेहमी माप लिहा: ‘सीजीपीआय ५.८, पैकी ७’ किंवा ‘सीजीपीए ८.०, पैकी १०’.

टक्केवारीत रूपांतर करण्याची वेळ आली तर स्वतःच्या विद्यापीठाचेच सूत्र वापरा. ते गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेले असते किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात मिळते. पुष्कळ मुले सीजीपीएला सरळ ९.५ ने गुणतात. ते सूत्र सीबीएसईने दहावीच्या निकालासाठी दिलेले होते. पदवीशी त्याचा काही संबंध नाही. काही जण तर १० ने गुणतात. याने किती फरक पडतो ते पाहा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या) तक्त्यानुसार १० अंकांच्या श्रेणीतील ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ६.२५ म्हणजे ५५ टक्के. म्हणजेच सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणायचे. या हिशेबाने ८.० चे ७२.५ टक्के होतात, ९.५ ने गुणले तर तेच ७६ होतात आणि १० ने गुणले तर ८०. ६.२ असलेला विद्यार्थी १० ने गुणून ६२ टक्के लिहितो आणि स्वतःला ६० च्या वर समजतो; त्या तक्त्यानुसार त्याचे ५४.५ टक्केच होतात.

असाच एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. दोन वर्षांचा अनुभव असलेल्या एका उमेदवाराला निवडले होते, त्याचे एक्सेलवरचे काम आणि व्यवहारांची समज उत्तम होती. रेझ्युमेवर त्याने ६३ टक्के लिहिले होते. पडताळणी करणाऱ्या संस्थेच्या अहवालात विद्यापीठाच्या सूत्राने येणारी टक्केवारी त्याहून बरीच कमी निघाली. त्या जागेसाठी टक्केवारीची अट नव्हती. त्याने ती लिहिलीच नसती तर कोणी विचारलेही नसते. पण लिहिलेली माहिती जुळली नाही, हिशेब ठेवण्याच्या कामासाठी घेतलेल्या माणसाचा स्वतःचाच आकडा चुकलेला होता, आणि ऑफर मागे घेतली गेली. त्याने मुद्दाम फसवले असे मला आजही वाटत नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

रूपांतराची सक्ती नसेल तर मूळ आकडा आणि त्याचे माप एवढेच लिहावे, हे सर्वांत सुरक्षित. शेवटच्या वर्षाचे गुण चांगले आहेत म्हणून फक्त तेच ‘पदवीचे गुण’ म्हणून देऊ नयेत. द्यायचेच असतील तर ‘अंतिम वर्ष’ असा शब्द सोबत हवा.

चौथा टप्पा: सीए, सीएफए आणि इतर परीक्षांचे निकाल वेगळ्या रीतीने लिहा

व्यावसायिक परीक्षांना पदवीचा नियम लावला तर नुकसान होते. सीएच्या परीक्षेत प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो, आणि तेवढे मिळवणेही फार थोड्यांना जमते. सीए फायनलला ५४ टक्के मिळवणाऱ्याने चांगली कामगिरी केलेली असते. पण रेझ्युमे पहिल्यांदा चाळणारी एचआरमधील व्यक्ती या परीक्षेशी परिचित नसेल तर तिला ५४ हा आकडा कच्चा वाटतो. म्हणून टक्केवारी न लिहिता उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष लिहावे. पहिल्या प्रयत्नात दोन्ही ग्रुप एकत्र सुटले असतील तर ते स्पष्ट लिहावे, कारण या व्यवसायात त्याला टक्क्यांपेक्षा जास्त मान आहे. एखाद्या विषयात ६० किंवा त्याहून अधिक गुणांमुळे सूट मिळाली होती, हे अनुभव आल्यानंतर लिहिण्याची गरज नाही. जास्त प्रयत्न लागले असतील तर प्रयत्नांचा उल्लेख टाळण्यात काहीही खोटेपणा नाही. मुलाखतीत विचारले तर मात्र खरी संख्या सांगावी.

इंटरमीजिएट झालेल्यांनी ‘सेमी-क्वालिफाइड सीए’ किंवा ‘सीए फायनलिस्ट’ असे संदिग्ध शब्द वापरू नयेत. ‘सीए इंटरमीजिएट, दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, आर्टिकलशिप पूर्ण’ असे लिहिले की वाचणाऱ्याला तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते कळते. नावापुढे सीए लावण्याचा अधिकार सीएंच्या संस्थेचे, म्हणजे आयसीएआयचे, सभासदत्व घेतल्यानंतरच मिळतो, हेही ध्यानात असावे.

सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असाच लिहायचा असतो. निकालपत्रात तुमच्या कामगिरीचा आलेख येतो, पण तो रेझ्युमेवर मांडण्यासाठी नसतो. ‘लेव्हल २ उत्तीर्ण’ एवढे लिहिता येते. नावापुढे ‘सीएफए लेव्हल २’ अशी उपाधी लावता येत नाही, आणि पुढच्या परीक्षेसाठी प्रत्यक्ष नोंदणी केलेली असेल तरच स्वतःला ‘कॅन्डिडेट’ म्हणता येते. या नियमांचा भंग हा त्या संस्थेच्या आचारसंहितेचा भंग ठरतो, आणि ज्या जागेसाठी ही परीक्षा उपयोगी पडते तिथल्या व्यवस्थापकाला हे नियम पाठ असतात.

एनआयएसएमच्या (शेअर बाजाराशी संबंधित कामांसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) प्रमाणपत्रांमध्ये गुणांपेक्षा मुदत महत्त्वाची. ती साधारणपणे तीन वर्षांची असते, त्यामुळे मालिकेचे नाव आणि वैधता कधीपर्यंत आहे ती तारीख लिहावी. मुदत संपलेले प्रमाणपत्र चालू असल्यासारखे दाखवू नये. बँकेत असलेल्यांनी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षांबाबत उत्तीर्ण झाल्याचे वर्ष दिले की झाले.

पाचवा टप्पा: शिक्षणाची जागा बदला आणि मोकळ्या जागेत काम लिहा

अनुभव वर्षभराहून अधिक झाला की शिक्षण पहिल्या पानाच्या वरच्या भागातून खाली न्यावे आणि तक्ता काढून टाकावा. नोकरीच्या संकेतस्थळांवरची यंत्रणा रेझ्युमे वाचताना तक्त्यांमधली माहिती अनेकदा उलटसुलट करते, हेही त्यामागचे एक कारण आहे. उरलेली ओळ साधी असावी: ‘बीकॉम (अकाउंटिंग अँड फायनान्स), मुंबई विद्यापीठ, २०२१’. गुण ठेवायचे ठरवले असेल तर त्याच ओळीत शेवटी येतील. रेझ्युमे इंग्रजीत असला तरी मांडणी हीच.

टक्केवारी गेल्यावर रेझ्युमे ओका वाटतो, कारण त्यात दुसरा आकडाच नसतो. मग कामाचे आकडे शोधून काढा. किती योजनांची एनएव्ही तुमच्याकडे होती, महिन्याला किती बिले किंवा कर्जप्रकरणे हाताळत होता, महिनाअखेरचा हिशेब बंद करायला आधी किती दिवस लागत होते आणि नंतर किती लागू लागले, ताळमेळातील किती जुनी प्रलंबित प्रकरणे निकाली काढली. हे आकडे जुन्या ईमेलमधून आणि एमआयएस (व्यवस्थापनासाठीच्या नियमित) अहवालांमधून आठवून वहीत टिपून ठेवा. मात्र ग्राहकांची नावे, त्यांच्या रकमा किंवा जाहीर न झालेली माहिती रेझ्युमेवर आणू नका. ‘एका मोठ्या खासगी बँकेचे खाते’ असे म्हणून काम भागते. गोपनीयता पाळणारा उमेदवार वित्त विभागात लगेच ओळखू येतो.

सहावा टप्पा: गुण कमी असतील, केटी लागली असेल, तर

जिल्ह्याच्या गावातून, मराठी माध्यमातून शिकून आलेल्या आणि पहिल्या वर्षी इंग्रजीतल्या पुस्तकांशी झगडताना केटी लागलेल्या मुलांना मी अनेकदा भेटलो आहे. गुणांचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली जातो. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की रेझ्युमेवर गुण न लिहिणे म्हणजे लपवणे नव्हे. रेझ्युमे हे शपथपत्र नसते. त्यात काय मांडायचे हे निवडण्याचा अधिकार तुमचा आहे. खोटा आकडा लिहिणे आणि आकडा न लिहिणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मुलाखतीत विचारले तर दोन वाक्यांत उत्तर द्यावे. पहिल्या वाक्यात खरा आकडा आणि कारण, दुसऱ्या वाक्यात त्यानंतर काय केले ते. ‘पदवीला ५२ टक्के होते, पहिल्या वर्षी दोन विषय राहिले होते. त्यानंतर नोकरी करत सीए इंटरचा पहिला ग्रुप सोडवला आणि गेली दोन वर्षे महिनाअखेरचे काम एकट्याने सांभाळतो आहे.’ एवढे बोलून थांबावे. घरची परिस्थिती, प्राध्यापकांचा पक्षपात, पेपर तपासणीतले घोळ हे सारे खरे असले तरी तिथे सांगत बसू नये, कारण विचारणाऱ्याला तुमची उमेद खचली आहे की नाही एवढेच पाहायचे असते. गुणांचा प्रश्न आला की स्वतःहून माफी मागण्याची सवयही सोडून द्यावी.

सातवा टप्पा: अर्जाचे रकाने आणि पडताळणी

रेझ्युमेतून गुण काढले तरी कंपनीच्या अर्जात ‘पदवीची टक्केवारी’ हा रकाना येऊ शकतो, आणि तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. तिथे खरा आकडा भरा. शून्य, ९९ किंवा अंदाजाने काहीतरी भरून पुढे जाऊ नका. रकान्यात टक्केवारीच मागितली असेल आणि तुमच्याकडे सीजीपीए असेल, तर विद्यापीठाच्या सूत्राने येणारी टक्केवारी भरावी आणि शेरा लिहायला जागा असेल तर सूत्राचा उल्लेख करावा. रेझ्युमे, संकेतस्थळावरची प्रोफाइल आणि अर्ज या तिन्ही ठिकाणी पदवीचे नाव, वर्ष आणि आकडा एकच असला पाहिजे. जुनी प्रोफाइल बदलायची राहून जाते आणि पडताळणीत तीच पुढे येते.

बँका, विमा कंपन्या आणि परदेशी वित्तसंस्थांची भारतातील केंद्रे ऑफर दिल्यानंतर पदवीची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात. ती संस्था गुणपत्रिकांच्या प्रती मागते आणि विद्यापीठाकडून खात्री करते. तुमची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये दिसतात का ते आजच पाहून घ्या. पुष्कळांकडे शेवटच्या सत्राची गुणपत्रिका असते, पण पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर महाविद्यालयातून आणायचे राहून गेलेले असते. एखाद्या सत्राची गुणपत्रिका हरवली असेल तर दुय्यम प्रत मिळवण्यासाठी पोलिसांकडील नोंद, प्रतिज्ञापत्र आणि विद्यापीठाच्या खिडकीवर एकाहून अधिक फेऱ्या लागू शकतात. नोटीस पिरियडच्या तीस दिवसांत, रोजचे काम दुसऱ्याकडे सोपवता सोपवता हे सारे उरकत नाही. म्हणून पहिला अर्ज पाठवण्याच्या आधीच सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावून ठेवा, आणि त्यावर छापलेला आकडा समोर ठेवूनच रेझ्युमे भरायला बसा.